फुल्यांचा होकार

लातूर, २ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सुकन्या हिस उमाताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर बोलले की शेजारच्या खोलीतून हे ऐकतात, म्हणून पत्र. दालमिल मुलाकडे सोपवल्यापासून तुझ्या भाऊजींनी इंटरनेटवर नवा छंद शोधलाय. साधा शब्द टाकला की तिथं तो चांदण्या, फुल्या आणि तिरप्या रेघांनी बनलेल्या मोठाल्या नक्षीदार अक्षरांत उभा राहतो. त्या साइटला मराठी येत नाही, म्हणून आमचं घर आता इंग्रजीत बोलतं. दूधवाल्याला 'नो मिल्क' असं सजवून पाठवलं; त्याला वाटलं घरात कार्य आहे, तो चार पिशव्या जास्त ठेवून गेला.

हेही हसून सोडलं असतं. पण तुमच्या गल्लीतल्या बसम्मांचा संगमेश्वर आपल्या मंजूला पाहून गेला. नऊ स्थळं नाकारणारी माझी लेक स्वयंपाकघरात आली आणि पिठाच्या डब्याकडे बघत म्हणाली, आई, इथं हो म्हण. हे म्हणाले, होकार मुलीच्या बापानंच कळवायचा असतो, आणि थाटात. तीन दिवस खपून बसम्मांच्या फोनवर फुल्यांचा 'येस' पाठवला. आठवडा झाला, उत्तर नाही. मंजू जेवतानाही फोन पालथा ठेवत नाही. एकदा जाऊन बघशील?

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
उमाताई

नांदेड, ७ फेब्रुवारी

ति. उमाताईस शरणार्थ, वि. वि.

शेंगदाण्याची चटणी द्यायच्या निमित्तानं गेले. बसम्मा भाजी निवडत होत्या, उठल्याही नाहीत. म्हणाल्या, पोरगं पसंत न्हाई तर न्हाई म्हनावं, एवढ्या फुल्या कशाला माराव्या? एक मारली असती तरी कळलं असतं. फोन दाखवला, तर वरपासून खालपर्यंत फुल्याच. अरुंद पडद्यावर ओळी मोडून शिवमूर्ती भाऊजींचा 'येस' पार विस्कटला होता. १६ तारखेच्या रविवारी धर्माबादची मुलगी पाहायचं त्यांनी ठरवूनही टाकलंय.

ताई, मला कॉन्व्हेंटमधला टायपिंगचा तास आठवला. आपण एक्स दाबून दाबून चर्च काढायचो आणि सिस्टर आपल्याला दारापाशी उभं करून ते बघायला लावायच्या. जवळून नुसत्या फुल्या, लांबून घंटासुद्धा दिसायची. मी तो मेसेज झेरॉक्सवाल्याकडे नेला, आडव्या मोठ्या कागदावर छापून घेतला आणि बसम्मांच्या भिंतीला चिकटवला. त्यांना इंग्रजी येत नाही. कामावरून आलेला संगमेश्वर उंबऱ्यातच थांबला, वाचलं, आणि चपला घालूनच आत आला. बसम्मांनी आधी त्याला चपलांवरून झापलं, मग हसल्या.

पण त्यांची एक अट आहे. भिंतीवरचं त्या मानत नाहीत. बापानं आपल्या हातानं, मराठीत, साधं लिहून द्यावं. तोवर धर्माबाद रद्द नाही.

भाऊजींवर रागावू नकोस. माझ्यावरची माया मात्र आहे तेवढीच ठेव.

तुझी,
सुकन्या

लातूर, ११ फेब्रुवारी

चि. सौ. सुकन्या हिस आशीर्वाद, वि. वि.

ह्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. सजावटीची थोरवी सांगू लागले, तेव्हा मी पुढ्यात पेन ठेवलं. एका ओळीला अख्खी सकाळ गेली. चार कागद फाडले. पाचवा मंजूनंच आणून दिला आणि बाहेर गेली. तेव्हा कुठं मला कळलं, एवढी मोठी अक्षरं ह्यांना का लागत होती. लहान अक्षरात तो शब्द त्यांना लिहवत नव्हता.

सोबतचा कागद शेजारच्या धुरपताबाईंच्या हाती, उद्याच्या एसटीनं पाठवते आहे. 'मंजुश्रीसाठी आमचं हो आहे,' एवढंच लिहिलंय. त्या 'हो'शेजारी तुला एक फुली दिसेल. मी विचारलं, तर म्हणाले, कागदावर पाणी पडलं होतं, ते झाकलं. टेबलावर पाण्याचा पेला नव्हता.

ती पाहून बसम्मा पुन्हा नकार समजतील. तू स्वतः घेऊन जा, आणि त्यांना आधी दारापाशी उभं कर.

लोभ आहे, तो असाच राहू दे.

तुझी,
उमाताई