गोड आवाजाचं मला नको होतं

बर्नली, ३ मे १९३५

प्रिय डोरीन,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं आणि मी ते तीनदा वाचलं. लग्नाला ये, निळी हॅट घाल, पण दोन गोष्टी घरीच ठेवून ये, असं तू लिहिलंयस. एक, माझं ते चार तारांचं बँजो-युकुलेले, आणि दुसरी, मागांच्या खडखडाटात लागलेली, आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलायची गिरणीतली खोड. लेनर्डच्या आईपुढे, तुझ्या होणाऱ्या सासूपुढे, दोन्ही शोभत नाहीत म्हणे. बाई गं, मी बाराव्या वर्षापासून मागावर उभी आहे. चाळीस वर्षांत मला काय शोभतं ते सांगणारे पुष्कळ भेटले, आता त्यांत माझ्या पोटची पोरगी आली एवढंच. तू ते वाद्य बघितलेलंसुद्धा नाहीस. तेव्हा आधी ते कसं घेतलं ते ऐक.

मार्चातल्या एका शनिवारी गिरणी सुटल्यावर मी आणि माझ्या शेजारच्या मागावरची बर्था थेट बाजारातल्या हॅलवेलच्या वाद्यांच्या दुकानात गेलो. अंगावर कापसाची धूळ तशीच होती. हॅलवेलने आम्हाला एकदा खालून वर पाहिलं आणि लाकडी युकुलेले पुढे केलं. म्हणाला, बाईमाणसाला हेच बरं, मॅडम, आवाज कसा मधासारखा गोड आहे. मी तारा छेडून पाहिल्या. मला ते अगदीच मिळमिळीत वाटलं. मग मी भिंतीवरच्या दुसऱ्या जातीकडे बोट दाखवलं. आकार युकुलेलेचाच, तारा चारच, पण पोटाला लाकडाऐवजी ढोलासारखं कातडं ताणलेलं. त्याने तोंड वाकडं केलं. ते फार कर्कश असतं, समुद्रावरचे विदूषक वाजवतात ते, म्हणाला. मी म्हटलं, मग विदूषकांना कळतं तरी. काढा खाली.

तशी तीन होती. पहिलं त्याने माझ्या हातात दिलं तेव्हा बर्था त्याच्या पाठीमागे उभी होती. ती ओठांनीच म्हणाली, मान वाकली आहे त्याची, सोड. मी ते डोळ्यासमोर आडवं धरून पाहिलं, खरंच वाकली होती. दुसरं चकचकीत होतं, हॅलवेल म्हणाला अगदी कोरं आहे. बर्था म्हणाली, कोरं कसलं, तुझ्या आजीच्या वयाचं आहे, खुंट्या फिरवून बघ. मी खुंटी पिळून हात काढला, तर ती आपली हळूहळू परत फिरली. तिसरं जड होतं, कातड्यावर चहाच्या डागासारखा डाग होता, पण मान सरळ, खुंट्या घट्ट, आणि मानेवरच्या पट्ट्या बोटाला कुठे टोचत नव्हत्या. तेच घेतलं. एका विणकर बाईला एवढं कसं कळतं, याचं त्या माणसाला कोडं पडलं होतं. त्याने एकदा वळून पाहिलं, पण बर्था टॉफी चघळतेय अशीच त्याची समजूत. तुला लाज वाटते त्या खोडीने माझी फसगत टाळली, हे लेनर्डच्या आईला माझ्या नावाने सांग.

आता माझी फजितीही सांगते, नाहीतर म्हणशील आई नुसती फुशारक्या मारते. गिरणीत हवा कोरडी झाली की सूत तुटतं, म्हणून आम्ही वाफ सोडून सगळं दमट ठेवतो. जन्मभर तेच केलेलं. मी ते वाद्यही मोठ्या मायेने मागच्या मोरीत, कपडे उकळायच्या हंड्याशेजारी टांगलं. आठवड्यात कातडं असं सैल पडलं की वाजवताना ओलं धुणं आपटल्यासारखं व्हायचं. मग मी पाना घेऊन सगळे स्क्रू पिळपिळून आवळले. रविवारी चुलीत कोळसे छान पेटले होते, मी वाद्य घेऊन चुलीजवळ बसले, कातडं सुकून आणखी ताणलं आणि फाडकन वरपासून खालपर्यंत फाटलं. शेजारचा क्लेग भिंतीपलीकडून धावत आला, हॅना, बंदूक कधी घेतलीस म्हणून. नवं कातडं मी आणि बर्थाने मिळून चढवलं. तिने कडं धरलं, मी स्क्रू आवळले, एकेक, थोडाथोडा, समोरासमोरचे. आता ते माझ्या झोपायच्या खोलीत राहतं.

चॅपेलच्या पाद्र्यांनी मला अडवलं होतं. मिसेस होरॉक्स, या वयात, विधवेने, असं म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही प्रवचन द्या, मी मध्ये बोलते का? गिरणीच्या सुट्टीच्या आठवड्यात आम्ही गिरणीतल्या सात जणी ब्लॅकपूलला समुद्रावरच्या धक्क्यावर वाजवणार आहोत, आणि मी पुढच्या रांगेत आहे. नाकं मुरडणाऱ्यांनी खुशाल मुरडावीत.

आता जे लिहायला बसले ते. तुझे वडील गेल्यापासून या घरात बोलणारं फक्त भिंतीवरचं घड्याळ. नोव्हेंबरात तेही बंद पडलं असं वाटून मी ते उतरवून दुरुस्तीला नेलं. घड्याळजी म्हणाला, बाई, हे उत्तम चाललंय. मग डॉक्टरकडे गेले. डावा कान गेलेला आहे, उजवा शरद ऋतूपर्यंत टिकला तर टिकला. नाताळात तू भांडी घासताना पाठमोरी बोलत होतीस आणि मी उत्तर दिलं नाही, तेव्हा तुला वाटलं आई रुसली. आई रुसली नव्हती गं. हॅलवेलच्या त्या मधासारख्या वाद्यातून मला काहीसुद्धा ऐकू आलं नव्हतं. हे कातड्याचं मी छातीशी धरून एकदा झणकावलं आणि ते कानात आलं, बरगड्यांत आलं. मी दुकानात रडले, बर्थाला विचार. म्हणून ते मी लग्नाला आणणार, आणि ओठांचं बोलणंही आणणार, कारण थोड्या दिवसांनी माझ्यापाशी तेवढंच उरेल. तू पाद्र्यासमोर माझ्याकडे पाठ करून उभी राहशील. तुझ्या शपथेची पाळी आली की अंग वळव, तोंड माझ्याकडे कर आणि बोल. तुझ्या सासरचं सगळं साउथपोर्ट बघत बसलं तरी चालेल. माझ्या एकुलत्या एका लेकीने कुणाला काय वचन दिलं ते मला दुसऱ्याकडून कळायला नको. वळणार असशील तर मी सकाळच्या पहिल्या गाडीने येते. नसशील तर तसं स्पष्ट लिही, म्हणजे मी त्या दिवशी मागावर जाईन.

तुझीच,
आई