कोपऱ्यातल्या खिडकीचं शटर

९ मार्च

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. मी, ही आणि बाबा, तिघंही बरे आहोत. तूही बरी असशील असं धरून चालतो. दोन वर्षांनी पत्र लिहितोय आणि तेही काम पडलं म्हणून, हे तुझ्या लक्षात येईलच, तेव्हा आधीच कबूल करतो. आपल्या घराचा मूळ नकाशा तुझ्याकडे आहे का? बाबा म्हणतात, बांधकामाचे कागद तूच सांभाळायचीस.

घराच्या खिडक्यांना वादळापासून बचावाची नवी शटरं बसवायची आहेत. पूर्वी दुकानात जायचं आणि आवडेल ते घेऊन यायचं. आता पालिकेचा नियम झालाय. प्रत्येक खिडकीवर वाऱ्याचा किती भार येईल ते आधी काढायचं आणि तेवढा भार सोसेल असं प्रमाणपत्र असलेलंच शटर लावायचं. समुद्र किती लांब, मजला कितवा, खिडकी भिंतीच्या मध्यात की कोपऱ्यात, सगळं त्यात येतं. कोपऱ्यातल्या खिडकीला सगळ्यात जास्त भार. तिथे वारा नुसता ढकलत नाही, वळताना शटर बाहेर ओढतोही. मी शाळेत मुलांना हवेचा दाब शिकवतो आणि हे मला पालिकेतल्या तपासणीच्या बाईंनी टेबलापलीकडून समजावून सांगितलं. मान खाली घालून ऐकलं.

दुकानदारांची तर वेगळीच तऱ्हा. एकाला म्हटलं, हे घडीचं शटर किती भार घेतं? तो म्हणाला, "साहेब, हत्ती आदळला तरी हलणार नाही." मी म्हटलं, आमच्याकडे हत्ती येत नाहीत, वारा येतो, कागद दाखवा. कागद शोधायला म्हणून आत गेला तो चहा घेऊन बाहेर आला. दुसऱ्याकडे कागद होता, पण चार फूट रुंद शटरचा. आपली खिडकी साडेपाच फुटांची. रुंदी वाढली की तेच शटर कमी भार घेतं, हे त्याला मीच सांगितलं. तो माझ्याकडे असं पाहत राहिला, जणू त्याच्या मालाला मी दृष्ट लावतोय.

अर्ज एकदा परत आलाय. भिंत आतून कशाची आहे ते लिहिलं नव्हतं. म्हणून नकाशा हवा.

बाबांचा डावा डोळा आहे तसाच आहे. घड्याळं दुरुस्त करणं बंदच आहे. कोपऱ्यातल्या खोलीच्या खिडकीला अजून प्लायवूड ठोकलेलं आहे, त्यामुळे त्यांच्या कामाच्या टेबलावर दिवसासुद्धा अंधार. पण आता म्हणतात, शटर लागलं की टेबल पुसून ठेव, एका डोळ्याने जमेल तेवढं करून बघतो. म्हणून मलाही घाई आहे. वादळांचा मोसम जूनमध्ये सुरू होतो.

नकाशा असला तर पाठव. नसला तरी दोन ओळी लिही.

तुझा भाऊ

२ एप्रिल

प्रिय ताई,

नकाशा पोचला. इतका नीट घडी घालून ठेवलेला कागद आपल्या घरात दुसऱ्या कुणाच्याच हातून टिकला नसता. तुझं अक्षर पाहून बाबा बराच वेळ पाकीटच हातात धरून बसले होते.

अर्ज पुन्हा परत आला. भिंत काँक्रीटची, हे आता सिद्ध झालं. पण तिच्यावर दीड इंच गिलावा आहे, आणि शटरची पट्टी कोणत्या स्क्रूने, किती खोल बसवणार ते लिहा म्हणतात. मी विचारलं, शटर मजबूत असलं म्हणजे झालं ना? बाई म्हणाल्या, "शटर मजबूत असून काय करायचं? ते भिंतीला धरून राहिलं पाहिजे." मागच्या रांगेतले लोक हसले. बाहेर पायरीवर बसून एक अख्खी बाटली पाणी प्यायलो. कशामुळे, ते सांगत बसत नाही. उन्हामुळे असेल.

ही म्हणते, तुम्ही हल्ली सगळ्यांवर खेकसता. खरं आहे. परवा वर्गात एका मुलीने दाबाचं गणित चुकवलं, तर मी तिच्यावर इतका ओरडलो की ती रडली. नंतर तिची माफी मागितली. ती "ठीक आहे सर" म्हणाली, पण वहीवरून मान वर केली नाही.

नकाशासोबतच्या चिठ्ठीत तू एकच प्रश्न विचारलास. कोपऱ्यातल्या खिडकीचं जुनं शटर कधी सापडलं का? ताई, त्या वादळात अर्ध्या गल्लीची छपरं उडाली. कुठलं शटर कुठे गेलं ते कोण शोधत बसणार? आता त्या गोष्टीला दोन वर्षं झाली. आपण पुढचं बघूया.

आता तपासणीच्या बाई घरी येऊन भिंत पाहणार आहेत. मग तरी मंजुरी मिळेल असं वाटतं.

तुझा भाऊ

११ मे

ताई,

आज ख्यालीखुशाली लिहीत नाही. जे लिहायचंय ते आधी लिहितो, नाहीतर मी पुन्हा शटरांवर चार पानं भरीन.

गेल्या मंगळवारी तपासणीच्या बाई आल्या. त्यांनी कोपऱ्यातल्या खिडकीचं प्लायवूड काढायला लावलं. दोन वर्षांनी त्या खोलीत उजेड आला. बाबा दारात उभे होते. बाईंनी चौकटीभोवतीची भोकं मोजली. एका भोकात जुना स्क्रू तसाच अडकलेला होता. त्यांनी तो पकडीने ओढला तर हातासरशी निघाला. मोजपट्टीला लावून म्हणाल्या, "इंचभर आहे. काँक्रीटपर्यंत पोचलाच नाही. नुसता गिलाव्यात होता. कुणी बसवलं होतं हे?"

बाबा म्हणाले, "माझ्या मुलाने. स्वतःच्या हाताने."

ते अजून कौतुकाने सांगत होते, ताई.

वादळात कडी लावायची राहिली म्हणून ते उडालं, असंही त्यांनी सांगितलं. बाई म्हणाल्या, "मग कडी घातलेली असो वा नसो, हे शटर जाणारच होतं."

त्यांनी तेवढंच म्हटलं आणि पुढच्या खिडकीकडे गेल्या. बाबा तिथेच थांबले. बाई निघून गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "मग ती कडीची भानगड काय होती?"

मी त्यांना मागच्या शेडमध्ये नेलं. जुन्या दारामागून ते शटर काढलं. हो, ते सापडलं होतं. वादळानंतर तिसऱ्या दिवशी, शेजाऱ्यांच्या कुंपणात. दोन्ही पल्ले एकमेकांत घट्ट अडकलेले, मधली कडी बंद, आणि बाजूची पट्टी छोट्या स्क्रूंसकट लोंबत होती. मी ते पाहिलं, आणि कुणी बघायच्या आत शेडमध्ये नेऊन ठेवलं.

बाबांनी कडीवरून बोटं फिरवली. घड्याळाच्या आतलं तपासावं तशी, हळू. म्हणाले, "बंद आहे."

मग म्हणाले, "तिला सांगितलंस?"

मी नाही म्हणालो.

"मला सांगायला तुला दोन वर्षं लागली. तिला सांगायला किती लावणार आहेस?"

त्यानंतर पाच दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

ते शटर बसवायच्या वेळी तू म्हणाली होतीस, कारागिराला बोलाव, हे आपलं काम नाही. मी हसलो होतो. डब्यात होते ते स्क्रू घेतले आणि एका दुपारी काम उरकलं. वादळात शटर गेलं, मागोमाग काच फुटली, आणि टेबलावरची घड्याळं आत न्यायला गेलेल्या बाबांच्या डोळ्यात तुकडा गेला. इस्पितळात सगळ्यांसमोर मी तुला म्हणालो, तू कडी लावली नव्हतीस. तेव्हा मला खरंच तसं वाटलं होतं. निदान वाटून घ्यायचं होतं. पण तिसऱ्या दिवशी मला कळलं होतं. तू आठव्या दिवशी घर सोडलंस. मधले पाच दिवस आपण एकाच स्वयंपाकघरात जेवत होतो. तू दोनदा म्हणालीस, "मी लावली होती रे." आणि मी वर न बघता भात कालवत राहिलो.

मावशीने तुझ्याशी बोलणं सोडलं, तेव्हाही मी गप्प बसलो. काल तिच्याकडे जाऊन सगळं सांगितलं. काकांनाही सांगितलं. मावशी दार लावून आत गेली. तिला आता तुझ्यासमोर यायची लाज वाटते, असं काका म्हणाले.

मंजुरी मिळाली. शनिवारी कारागीर येऊन शटर बसवून गेले. बोल्ट काँक्रीटमध्ये किती खोल गेले ते बाईंनी स्वतः येऊन पाहिलं. मी कशालाच हात लावला नाही, बाजूला उभा राहिलो.

हे पत्र बाबांना वाचून दाखवलं. ऐकून झाल्यावर म्हणाले, "माझंही लिही. तिने मला सांगितलं होतं आणि मी विश्वास ठेवला नाही. मी बाप असून तिला एकदाही विचारलं नाही." त्यांनी सांगितलं तसंच लिहिलंय.

ये, असं म्हणायचा तोंडदेखलेपणा करत नाही. तुझ्यावर आहे. उत्तर लिहायचं झालं तर बाबांना लिही, मला नको. मला उत्तर मिळावं असं मी काही केलेलं नाही.

ज्याने तुला खोटं ठरवलं आणि खरं कळल्यावरही तसंच राहू दिलं, तो
तुझा धाकटा भाऊ