दीडशे सीसीच्या मोटारसायकलमुळे श्रीमंत ठरल्याबाबत

प्रति,
मा. विर्हिलियो लाक्सामाना,
प्रमुख, बरांगाय (गाव-प्रभाग) सान पाब्लितो,
पाम्पांगा प्रांत.

अर्जदार : श्रीमती तेओफिला मानालोतो, वय ४६, धंदा – रुग्णालयात चादरी धुणे, राहणार चिंचेमागची गल्ली.

विषय : अर्जदार हिची मोटारसायकल लहान असल्याचे मान्य होऊन निर्धनतेचा दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपला तोंडी नकार, दि. ४ मार्च, बास्केटबॉलच्या मैदानाजवळ.
२) आपला दुसरा तोंडी नकार, दि. ११ मार्च, न्हाव्याच्या दुकानात.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हिची आई कॉन्सोर्सिया, वय ७३, जिला सारी गल्ली इमा म्हणते, हिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला आहे. प्रांताच्या रुग्णालयात दि. २८ मार्च रोजी मोफत शस्त्रक्रियांचे शिबिर असून, नाव नोंदवण्यासाठी आपल्या सहीचा निर्धनतेचा दाखला दि. २५ पर्यंत हजर करावा लागतो. पुढचे शिबिर वर्षाने आहे. डॉक्टर म्हणाले, "वर्षभर थांबलात तर मग माझ्याकडे येऊ नका, पाद्र्याकडे जा." आज २१ तारीख आहे.

१. आपल्या नकाराचे कारण अर्जदार हिची मोटारसायकल हे आहे. सबब प्रथम तिची माहिती देणे भाग आहे. सदर वाहन जुने घेतलेले, दीडशे सीसीचे, 'क्रूझर' जातीचे आहे. या जातीत बैठक बुटकी, हँडल रुंद आणि चकाकी फार असते. अर्जदार हिची उंची चार फूट नऊ इंच आहे. दुकानातल्या बाकी सर्व गाड्यांवर बसून पाहिले असता पाय हवेत लोंबकळत होते. ह्या एकाच गाडीवर दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या. दुकानदार म्हणाला, "बाई, हीच घ्या. शिकाऊ माणसासाठीच बनवलीय. पडलात तरी फार उंचावरून पडायच्या नाहीत." त्याचे म्हणणे खरे ठरले, अर्जदार तीनदा पडली आणि तिन्ही वेळा त्याच दिवशी कामावर हजर झाली. कामाची पाळी पहाटे साडेपाचला सुरू होते आणि पहिली प्रवासी गाडी, म्हणजे जीपनी, पावणेसहाला निघते, एवढेच ही गाडी घेण्याचे कारण आहे. गाडीला धुराडी दोन आहेत, पैकी एक शोभेचे असून आतून बंद आहे.

२. दि. ४ रोजी अर्जदार हिने दाखला मागितला असता आपण उपस्थित खेळाडूंसमक्ष उद्गारलात, "बिगबाइकवाली बाई आणि गरिबीचा दाखला? अगं तेओ, तू गरीब तर मग मी काय, पोप?" खेळाडू हसले. अर्जदारही हसली, कारण आपण प्रमुख आहात. घरी जाऊन इमाला सांगताना मात्र हसू आले नाही.

३. गाडी मोठी असल्याचा पुरावा म्हणून आपण कार्यालयात आपल्या खुर्चीमागच्या भिंतीवर टांगलेल्या छायाचित्राकडे बोट दाखवता. त्यात आपण जानेवारीतल्या सणाच्या मिरवणुकीत काळा चष्मा लावून सदर गाडीवर विराजमान आहात. ती गाडी अर्जदार हिचीच असून "एका तासात परत देतो" असे सांगून आपण ती नेली होती व तिसऱ्या दिवशी टाकी कोरडी ठणठणीत करून पाठवली होती. त्या दोन दिवसांची अर्जदार हिची रजा लागली. त्याबद्दल काही म्हणणे नाही, सण गावाचाच होता. फक्त छायाचित्र पुन्हा एकदा नीट पाहावे, अशी विनंती आहे. त्यात आपले गुडघे आपल्या कोपरांच्या वर आलेले आहेत. मोठ्या गाडीवर असे होत नाही.

४. याउलट गाडी लहान असल्याबद्दल सरकारी कागदच उपलब्ध आहे. फेब्रुवारीत अर्जदार नवशिकी असल्यामुळे मालट्रकांच्या मागे मागे जात चुकून द्रुतगती मार्गाच्या नाक्यावर पोचली. तेथील पहारेकरी म्हणाला, "ताई, इथं चारशे सीसीच्या खाली सोडत नाहीत. हे खेळणं घेऊन घरी जा." मागे लांबच लांब रांग होती व सर्वजण भोंगे वाजवत होते. परत फिरवल्याची चिठ्ठी सोबत जोडली आहे. नाक्यावर जी गाडी खेळणे ठरते, ती आपल्या हद्दीत शिरताच ऐश्वर्य कशी होते, हे अर्जदार हिच्या अल्प बुद्धीस उमगत नाही.

५. अर्जदार हिने चौकशीची मागणी केली असता आपण पाच जणांची समिती पाठवलीत, याबद्दल आभार. समिती बरोबर दुपारच्या खाण्याच्या वेळेला आली. दारात आलेल्या माणसाला उपाशी पाठवायची आपल्याकडे रीत नाही, म्हणून अर्जदार हिने शेजारणीकडून शेवया आणून पान्सित केले, उरलेली बिबिंका, म्हणजे तांदळाचा केक, कापली. समितीतील रखवालदार नार्दिंग याने दोनदा वाढून घेतले. समितीचा अहवाल असा : "जी बाई पाच माणसांना अचानक जेवू घालते, ती निर्धन असू शकत नाही."

६. ही चूक लक्षात घेऊन फेरतपासणीच्या वेळी अर्जदार हिने समितीपुढे फक्त पाणी ठेवले. असे करताना इमा आतून "पोरी, लाज काढलीस गं!" म्हणून ओरडत होती व अर्जदार हिची मान खरोखर खाली गेली होती. दुसरा अहवाल असा : "वागणूक श्रीमंतांसारखी."

७. गाडी आल्यापासून अर्जदार हिला सात बारशांत धर्ममाता होण्याचे, म्हणजे बाळाला दरवर्षी भेटी देण्याचे, आमंत्रण आले, त्यात आपल्या भाचीचे बाळही आहे. गरिबाला धर्ममाता कोणी करत नाही, असे आपण न्हाव्याच्या दुकानात म्हणालात, तेव्हा आपल्या गालांना फेस होता व अर्जदार हिला उलट बोलता आले नाही. आता लेखी कळवते : बाळांच्या आयांनीही गाडीच पाहिली होती.

८. त्याच वेळी आपण सल्ला दिलात, "गाडी विकून टाक, दाखला लगेच देतो." यावर अर्जदार हिने पूर्ण विचार केला आहे. गाडी विकली की पहाटेची पाळी चुकेल. पाळी चुकली की नोकरी जाईल. नोकरी गेली की अर्जदार अस्सल निर्धन होईल व दाखला देताना आपला हात थरथरणार नाही. सल्ला बिनचूक आहे. परंतु यास साधारण दोन महिने लागतील आणि हाती चार दिवस आहेत. अर्जदार हिला या सर्वाचा राग आलेला आहे. अर्जात राग लिहिण्याची पद्धत नसल्याने तो येथे एकदाच नमूद केला आहे.

९. आता शेवटचा मुद्दा. परवा सायंकाळी इमा म्हणाली, "ज्या गाडीपायी माझे डोळे अडलेत, ती मला दाखव तरी." पडण्याच्या भीतीने ती आजवर गाडीच्या जवळही गेली नव्हती. अर्जदार हिने तिचा हात धरून नेले. तिने पुढच्या चाकापासून मागच्या दिव्यापर्यंत दोन्ही हातांनी चाचपले, बैठकीवर थाप मारली आणि म्हणाली, "एवढीच? गावभर बोंब ऐकून मला वाटलं, दारात रेडा बांधलायस. ही तर शेळी आहे गं!" मग तिने रंग विचारला. अर्जदार हिने काळा म्हणून सांगितले. "तो दिसतो मला," इमा म्हणाली, "आता तोच तेवढा दिसतो."

सबब विनंती की, आपण स्वतः दि. २५ पूर्वी अर्जदार हिच्या घरी यावे, डोळे मिटून सदर वाहन हाताने तपासावे, आणि हाताला जे लागेल त्यावरून दाखल्यावर सही करावी. जेवण मिळेल, त्याची नोंद अहवालात घेऊ नये.

अखेरीस एक बाब प्रामाणिकपणे कळवणे अर्जदार कर्तव्य समजते. शस्त्रक्रिया यशस्वी झाल्यास इमाला गाडीची चकाकी दिसू लागेल, आणि मग तिलाही आपली लेक श्रीमंत वाटण्याचा संभव आहे. ही जोखीम अर्जदार आनंदाने पत्करते.

आपली नम्र, व आपल्या दप्तराप्रमाणे धनाढ्य,

(सही)
तेओफिला मानालोतो
दि. २१ मार्च

सोबत :
१) द्रुतगती मार्गावरून परत फिरवल्याची चिठ्ठी.
२) इमाच्या डोळ्यांचा तपासणी कागद.
३) मिरवणुकीतले छायाचित्र, लहान आकारात, मोठे आपल्या भिंतीवर आहेच.
४) दाखल्याचा कोरा नमुना, सर्व रकाने भरून. फक्त सहीची जागा रिकामी आहे.