उंचीचा रकाना

शुक्रवार, संध्याकाळ. अकोला.

पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र कोणत्या गावी किती असायला पाहिजे, ते काढायचं सॉफ्टवेअर लिहिलं मी, अन् आज सरांनी ते कॉलेजात स्वतःचं म्हणून दाखवलं. मी म्हणे फक्त टायपिंग केलं!

मग बाळापूरची उंची त्यांनी मीटरमधी टाकली. रकाना किलोमीटरचा आहे. बाळापूर थेट आभाळात! तिथं क्षेत्र कमजोर, म्हणून आकडा कमी आला. तिथल्या शेतात यंत्रानं खरोखर मोजलेला आकडा त्याच्याहून जास्त. सर खूश: "जमिनीखाली लोखंड आहे! उद्या अमरावतीच्या परिषदेत साऱ्यायले सांगतो. बरोबर आहे ना वं?"

सांगायला पाहिजे होतं का? काहून सांगू?

"सर, सॉफ्टवेअर तुमचं," म्हटलं, "तुमाले जास्त समजते."

उद्या पहिल्या रांगेत बसते. भाषण पुरं होऊ देते, टाळ्याही वाजवते. मग हात वर करते: "सर, उंचीच्या रकान्यात काय टाकलं?"