तुझ्या नावाने सांगितलेलं आभाळ

एल आल्तो,
सोमवार, ३० जून २०१४

प्रिय हिलारिया मावशी,

तुला, तुझ्या दुखऱ्या गुडघ्याला आणि त्या तुझ्या गोठ्यातल्या तापट लामाला माझा नमस्कार. मी बरी आहे. अक्षर नेहमीसारखं मोठं काढलं आहे, म्हणजे तुला ते कुणाकडून वाचून घ्यावं लागणार नाही. आजचं पत्र तर मुळीच कुणाकडून वाचून घेऊ नकोस. सावकाश वाच, पण एकटीने वाच.

सगळ्यात आधी एक दुरुस्ती. पंधरा तारखेच्या पत्रात मी लिहिलं होतं की दहा जूनला तुझा फोन मध्येच तुटला, मला निम्मंच ऐकू आलं आणि त्यातून घोटाळा झाला. ते खरं नाही. फोन तुटला नव्हता. तू बोललीस ते मला शेवटच्या शब्दापर्यंत नीट ऐकू आलं होतं. तुला हे माहीतच आहे म्हणा. तू बोलत होतीस आणि मी इकडून ‘हो मावशी, हो मावशी’ करत होते.

आणि तू त्या पत्राला उत्तर काय पाठवलंस? पिशवीभर वाळवलेले कंद आणि तीन ओळी. ‘पोरी, फोनचं काय घेऊन बसलीस. यंत्र आहे, बिघडायचंच. जेवत जा.’ तू माझं खोटं माझ्यासाठी उचलून धरलंस. ते कंद मी उकडून खाल्ले.

इथली थंडी तुमच्याइतकी नाही, पण खोलीतल्या बादलीवर सकाळी बर्फाची साय असते. आमच्या रेडिओ केंद्राच्या दारात बसणारी बासिलियाबाई अजून तशीच आहे. जांभळ्या मक्याची गरम आपी विकते आणि पेल्यागणिक एक शेरा फुकट देते. माझ्याकडे बघून परवा म्हणाली, “ही मुलगी निरोप वाचून वाचून स्वतःच एक वाईट बातमी दिसायला लागली आहे.”

शनिवारी तिच्याच बाकावर मला तेओदोरा भेटली. तुझ्या शेजारच्या घरची, इथे बाजारात लोकर विकते ती. लांबूनच ओरडली, “काय गं रेडिओवाली! तुझ्या मावशीला आता आभाळ दिसत नाही म्हणे. डोळ्यात मोतीबिंदू झालाय, की पोटात पाप?”

बासिलियाबाई म्हणाली, “पापाने पोट वाढत असतं तर तू या बाकावर मावली नसतीस. आधी आपी पी, मग बोल.”

तेओदोरा प्यायली आणि बोलली. दहा तारखेला संध्याकाळी तिने इथे बाजारात आपला कार्यक्रम ऐकला होता. हांकोपाताहून हिलारिया तार्की सांगतात, आज रात्रीपासून तीन रात्री कोरडी थंडी, बटाटे पसरा. ऐकल्यावर तिने दरवर्षीसारखी माणसं जमवली. नवरा, दोन जावा, जावांची पोरं. शुक्रवारी सगळे जण गोठलेले बटाटे तुडवून चुन्यो करायला गावी गेले. “पाय घेऊन गेलो,” म्हणाली, “आणि काळ्या चिखलात उभं राहून परत आलो. अकराच्या पहाटे ओला बर्फ पडला होता. वर तीन दिवस ढग. चुन्यो कसला होतोय! सात घरांचे बटाटे, बाई, सात घरांचे. हात लावला तर बोट आत जात होतं.”

मी म्हटलं, “हो का?”

मावशी, माझ्या तोंडून ‘हो का?’ निघालं. जणू काही मला काही माहीतच नव्हतं.

मग तिने ते सांगितलं, जे तू मला लिहिलं नाहीस. गाव तुझ्या दाराशी आलं तेव्हा तुझ्या गोण्या घरात होत्या, तोंडं शिवलेल्या. तू एकही बटाटा पसरला नव्हतास. “दुसऱ्यांना म्हणते पसरा आणि स्वतःचे झाकून ठेवते! विचारलं, असं कसं? तर म्हणे, माझी चूक झाली. बास, एवढंच. पुढे तोंड उघडलं तर शपथ. आता सहा जुलैला रविवारी सभा आहे. आभाळ बघायचं काम तिच्याकडून काढून घेणार. गावाच्या वहीत लिहिणार, की तिने जाणूनबुजून फसवलं.”

“हिलारियाने?” बासिलियाबाई म्हणाली. “ती बाई तर खोटं शिंकतसुद्धा नाही.”

“मग तिच्या गोण्या का शिवलेल्या होत्या, ते तू सांग.”

बासिलियाबाई आपी ढवळायला लागली. मला सांगता येत होतं. मी माझी आपी प्यायले, जीभ भाजून घेतली आणि आत निघून आले.

तुझ्या गोण्या शिवलेल्या होत्या, कारण तू मला ‘पसरू नका’ असं सांगितलं होतंस. तुझ्या दारात जमलेल्या माणसांना एवढं एक वाक्य पुरलं असतं. ते तू बोलली नाहीस. बोलली असतीस तर लोकांनी विचारलं असतं, मग रेडिओवर उलटं कुणी सांगितलं?

आता जे तुलाही माहीत नाही ते लिहिते.

त्या दिवशी दुपारी रेडिओवर दोन पाहुणे आले होते. हवामान शिकणारे, शहरातले, सभ्य. रेडिओ सांभाळणाऱ्या फर्मीनकाकांनी त्यांना सगळं दाखवायला मला सांगितलं. कोणत्या गावातून कोण आभाळ बघून फोन करतं, आपण ते कसं वाचतो, ते ऐकून खेड्यातली माणसं बटाटे पसरतात आणि शहरातली माणसं तुडवायला गाड्या पकडतात, हे मी त्यांना मोठ्या अभिमानाने सांगत होते. तीन रात्री गारठवायचे, दिवसा ऊन द्यायचं, अनवाणी तुडवून पाणी काढायचं, वाळवायचं, की झाला वर्षानुवर्षं टिकणारा चुन्यो, असं सगळं. तेवढ्यात चार वाजता तुझा फोन आला. पाहुण्यांनाही ऐकता यावं म्हणून मी तो मोठ्या आवाजावर लावला.

तू म्हणालीस, “वारा सरोवराकडून फिरलाय. मिठाच्या पिशवीत हात घातला तर हात ओला होतोय. तीन दिवस थांबा म्हणावं. कुणी गोणीचं तोंड उघडू नका. आणि तू मोजे घाल.”

त्यातला एक जण हसला. वाईट हसला नाही, मजा वाटली म्हणून हसला. म्हणाला, “म्हणजे मिठाची पिशवी हे तुमचं यंत्र?”

आणि मीही हसले. म्हणाले, “मावशी जरा जुन्या वळणाची आहे.”

हे लिहायला मला वीस दिवस लागले. बाकीचं सगळं याच्याच पोटातून निघालं.

त्यांच्याकडे हवामानाच्या अंदाजाचा छापलेला कागद होता. निरभ्र आकाश, शून्याखाली नऊ. कागदाचा दोष नाही, तो सगळ्या पठाराचा कागद होता, आपल्या दरीचा नव्हता. त्यांनी तो मला दिला. त्यांच्या समोर मिठाची पिशवी वाचायची मला लाज वाटली. सहा वाजता ते काचेपलीकडे उभे होते आणि मी कागद वाचला.

पण आपला नियम तुला माहीत आहे. आपल्या रेडिओवर माणसाच्या नावाशिवाय आभाळ वाचत नाहीत. कुणी बघितलं ते आधी सांगायचं, मग काय बघितलं ते. म्हणून मी कागदातलं आभाळ वाचलं आणि त्याच्या आधी तुझं नाव घातलं. सवयीने तोंडातून गेलं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. तेही पुरतं खरं नाही. मला ठाऊक होतं, की कागदाचं नाव घेतलं तर हांकोपातात कुणी गोणीला हातसुद्धा लावणार नाही. तुझ्यावर मला हसायचं होतं आणि लोकांचा तुझ्यावरचा विश्वासही मला हवा होता.

शाळेत जायच्या आधी मी तुझ्याकडेच शिकले. आजोबा गोणीवर कोळशाने अक्षरं काढायचे आणि आपण दोघी एकदमच गिरवायचो, तू चाळीस वर्षांची आणि मी पाच. पण त्याच्याही आधी तू मला निरोप शिकवलास. या घरचा निरोप त्या घरी न्यायचा. निघण्याआधी तुला म्हणून दाखवायचा, परत आल्यावर पुन्हा म्हणून दाखवायचा. एकदा मी ‘उद्या या’च्या जागी ‘उद्या नक्की या’ असं सांगून आले. तू मला तशीच परत पाठवलीस, तो ‘नक्की’ काढून यायला. मी रडत गेले. टेकडी चढून, मावशी, एका शब्दासाठी.

आज सकाळी मी फर्मीनकाकांकडे गेले. आभाळ बघणाऱ्यांचे फोन आपण हंगामभर जपून ठेवतो. तुझा दहा जूनचा फोन मी त्यांना लावून दाखवला. पाहुण्याचं आणि माझं हसूही त्यात आहे. त्यांनी तो दोनदा ऐकला.

“पंधरा वर्षं लागली,” ते म्हणाले, “लोकांना या डबड्यावर विश्वास ठेवायला. तू हे ऐकवलंस तर उद्यापासून प्रत्येक जण विचारेल, की बाकीचं तरी खरं होतं का?”

“विचारू देत.”

“सभेला चिठ्ठी पाठव ना. चार ओळी. फोनमध्ये बिघाड झाला म्हणावं.”

“ते माझं एकदा लिहून झालंय, काका.”

ते हसले नाहीत. चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, “मारिबेल, रेडिओचं मंडळ तुझी खुर्ची काढून घेईल. मला ती वाचवता येणार नाही. आणि खरं सांगू? मी प्रयत्नही करू नये.”

मी म्हटलं, करू नका.

त्यांनी कार्यक्रमांची वही उघडली. विचारलं, “किती मिनिटं लागतील?”

“चार.”

“मग पिठाच्या गिरणीची जाहिरात नंतर घेऊ,” म्हणाले आणि स्वतःच वहीत तसं लिहिलं.

तेव्हा ठरलं आहे. तू मला थांबवायला बघशील, म्हणून हे पत्र मी बुधवारच्या गाडीने पाठवते आहे, आधीच्या नाही. ड्रायव्हर तुझ्या हातातच देईल, तसं मी त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं आहे. फोन करू नकोस, मी उचलणार नाही. आणि रेडिओ बंद करून बसलीस तरी गावात बाकीच्या घरी तो चालू असेल.

मी तुझा फोन पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवणार आहे. मोज्यांचंही कापणार नाही, माझं हसूही नाही. त्यानंतर मी माझं नाव सांगेन, माझ्या आईचं सांगेन, आणि सात घरांची नावं घेऊन त्या एकेका घराची माफी मागेन. नावं तेओदोराकडून लिहून घेतली आहेत. तिने विचारलं, कशाला हवीत? मी सांगितलं. तिने आधी मला एक शिवी दिली, मग रडली, मग म्हणाली, “तुझ्या मावशीच्या दारात मी सगळ्यात मोठ्याने ओरडले होते गं.”

रविवारी सभेलाही मी येते आहे. खुर्ची गेली तर पुढच्या कोरड्या थंडीपर्यंत तिथेच राहीन आणि सात घरांत ज्यांच्याकडे अजून बटाटे उरलेत त्यांचे तुडवीन. पाय तुझ्याकडूनच आलेत, रुंद आणि गारठा न लागणारे. मला घरात घेशील की नाही, ते मी आत्ता विचारत नाही. लोक ओरडले तर मला ऐकू दे. मध्ये पडू नकोस.

तुझ्याकडे एकच मागणं आहे. सभेत ‘माझी चूक झाली’ असं पुन्हा म्हणू नकोस. तो निरोप चुकीचा आहे, मावशी, आणि तो माझा आहे.

तुझं आभाळ तुझ्या शब्दांत जसंच्या तसं सांगणारी, गुरुवारी, ३ जुलैला, संध्याकाळी सहा वाजता,

तुझी मारिबेल