दोन पाट्यांच्या मधला पाय

शिरूर, ता. ९ फेब्रुवारी १९६२

सिद्दीकमामूंना इनुसचा सलाम. मामींचे गुडघे जरा वळत असतील आणि तुमचं पोट तुमचं ऐकत असेल, अशी आशा करतो. माझं विचाराल तर डाव्या पायाची तीन बोटं गेली, बाकी सगळा जागेवर आहे.

आमचे ट्रकमालक मारुतराव यांचा हुकूम आहे, की गाडी परराज्यात शिरताना पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवायचं. (आपल्या राज्यात अपघात होत नाहीत, असा त्यांचा समज.) हे काम क्लीनरचं, म्हणजे माझं. गेल्या महिन्यात कांदा घेऊन म्हैसूर राज्यात निघालो. आपली हद्द संपल्याची पाटी मागे पडली, त्यांची सुरू झाल्याची पाटी वीस पावलं पुढे होती, आणि मी मधेच लिंबू घेऊन वाकलो. ड्रायव्हर ज्ञानूला वाटलं, मी बाजूला झालो, आणि त्यानं गाडी सोडली. लिंबू शाबूत राहिलं.

कायद्यानं भरपाई मिळते, पण अपघात ज्या मुलखात झाला तिथल्याच कचेरीत अर्ज द्यायचा. आपल्याकडचा कारकून म्हणाला, हद्द संपल्यावर आमचा काय संबंध? कुबडी घेऊन पलीकडे गेलो. तिथले साहेब कानडीत बराच वेळ हळहळले, आणि दुभाष्यानं सार सांगितलं, की आमची हद्द सुरूच झाली नव्हती. मग माझा पाय होता कुठे, असं मी विचारलं, तर त्यांनी तो प्रश्न लेखी मागितला. वर, लिंबू ठेवणं हे गाडीचं काम की धर्माचं, असा शेरा मारला. (नाव इनुस, हातात लिंबू. त्यांना तरी काय कळावं?) मारुतराव मात्र घरी येऊन गेले. "लिंबू ठिवाया हात लागतुया, तू पाय कशापायी नेला?" एवढं विचारून चहा पिऊन गेले.

मामू, ड्रायव्हर व्हायचं म्हणून सहा वर्षं गाड्या पुसल्या. क्लच दाबायला डावाच पाय लागतो. तुमची सून खुर्शिद लोकांच्या रानात खुरपायला जाते, मी दारात बसून असतो. मला फार भीती वाटते.

तुमचा भाचा
इनुस

ता. क. खरं काम राहिलंच. आपला कारकून आता म्हणतो, हद्द पाटीवर नसते, दगडावर असते. चाक दगडाच्या अलीकडे होतं असं पाहणाऱ्यानं शपथेवर सांगितलं, तर अर्ज चालेल. पाहणारा एकटा ज्ञानू, आणि तो दौंडला तुमच्याच आळीत राहतो. त्याला घेऊन सोमवारी या.

दुसरा ता. क. ज्ञानूला आणू नका. शपथेवर घेतलं, की गाडी कुणी सोडली हेही विचारतील. मी सगळीकडे ती आपोआप घसरली असं लिहून दिलंय. मारुतराव त्याला त्याच दिवशी काढतील, आणि त्याच्या अनसाबाईला आठवा महिना आहे. त्यानं माझ्या पायाचं विचारलं, तर बरा झाला म्हणावं.