बर्फातलं मीठ

मलकापूर,
ता. १३ ऑक्टोबर १९३८

चि. सौ. कोकिळा हिस दादाचे आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या वहिनीचा खोकला कमी आहे. सरकी काढायचं जिन सुरू झालं. कापूस अजून ओलसरच येतो.

'हे ऐन हंगामात घरी काऊन आले? बोलत नाही, जेवत नाही,' असं विचारतेस. सांगतो.

आमचं इंजिन दाबून भरलेल्या हवेच्या जोरावर सुरू होतं. हवा दमट असली की टाकीत पाणी साचून झडपा गंजतात. म्हणून पंपातली हवा टाकीत जाण्याआधी मी बर्फात बुडवलेल्या नळीतून फिरवतो. थंड पाण्याच्या लोट्याला बाहेरून घाम फुटतो, तसा नळीला आतून फुटतो. ते पाणी खालच्या तोटीने काढून टाकायचं.

सोमवारी तुझ्या यजमानांनी, शेषरावांनी, त्या बर्फात मीठ घातलं. मी नको म्हटलं होतं, तर म्हणाले, "कुल्फीले मीठ लागते, मंग याले काऊन नाही? जितकं गार तितकं कोरडं!" पण मिठाने बर्फ इतका गार होतो की नळीतलं पाणीच गोठतं. वाट बुजली. पंप मागून रेटतच होता, दाबाचा काटा तांबड्या रेघेपार गेला, आणि शेषराव सांधा सैल करायला पाना घेऊन, नळीला कान लावून वाकलेले.

मी त्यांच्या हातातला पाना हिसकावला, त्यांना ढकललं, पंप बंद केला. काही फुटलं नाही. पण फिटर फकीर मोहम्मद हसला, "काय जवाईबापू, कुल्फी जमली? साळ्यानं चाखू बी देल्ली नाही!" सगळे हसले. आणि तेव्हाच, त्या सगळ्यांसमोर, मी शेषरावांकडून इंजिनघराची किल्ली मागून घेतली.

पंप थांबवायला उशीर चालला नसता. किल्ली मात्र एकट्यात मागता आली असती. मी घाबरलो होतो, की साहेबपणा केला? अजून ठरत नाही. ज्यांचे पाय बाबांनी लग्नात धुतले, त्यांचं मी चारचौघांत हसं केलं.

जाताना ते म्हणाले, "यंदा दिवाळीले तुमच्या बहिणीले धाडनार नाही, नारायणराव." हेच लिहायचं टाळत होतो.

रविवारी धामणगावला येतो. चारचौघांत त्यांचे पाय धरीन. पण मीठ घालणार नाही असं ते म्हणेपर्यंत किल्ली देणार नाही. त्यांनी दारातून परतवलं तर तू मध्ये बोलू नकोस. तू ओवाळायला आली नाहीस, तर ते मी सोसेन. तुझं कपाळ पांढरं झालेलं सोसणार नाही.

तुझ्या दारात उभं राहायला भिणारा,
दादा